टाकीतली मेंढरं

आधी वासाचं सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून मोकळं व्हावं. बारामतीहून इंदापूरकडं जाताना डाव्या हाताला, उसाच्या दोन फडांच्या मध्ये, सांडपाण्याचा एक छोटा प्लांट आहे. कुणाचा, ते विचारू नका. मला अजून त्याच रस्त्यानं जावं-यावं लागतं. शेजारच्या कॉलनीतली शंभर-सव्वाशे घरं सकाळी उठून जे काही करतात ते सगळं पाइपातून आमच्याकडं येतं. आम्ही ते धुतो आणि ओढ्याला सोडतो. पाणी धुण्याची नोकरी असते, हे मी माझ्या सासऱ्यांना अजून पटवू शकलेलो नाही.

मी भिगवणचा. मासळीबाजाराच्या मागच्या आळीत जन्मलो, त्यामुळं वास ही गोष्ट मी कधी मनावर घेतली नाही. तरीही नोकरीच्या पहिल्या दिवशी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या धारेतूनच मला पहिल्यांदा आबा दिसले. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर पिवळं हेल्मेट, भर मे महिन्यात खांद्यावर घोंगडं आणि कमरेला सुतळीनं बांधलेला थर्मामीटर. हे सगळं घेऊन ते हवेच्या टाकीच्या कठड्यावर असे उभे होते, की खाली पाण्याच्या जागी सैन्य असावं.

"नवा केमिस्ट का?"

"होय."

"आज पाणी कसलंय?"

मी खाली डोकावलो. तपकिरी फेस उसळत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "ठीक वाटतंय."

"मोजलंस?"

"नाही अजून."

"मग बोलू नगं."

हे त्यांचं माझ्याशी झालेलं पहिलं संभाषण. पुढच्या सहा वर्षांत आमच्यात जी लाखभर संभाषणं झाली, त्यातली निम्मी ह्याच वाक्यावर संपली.

आबांचं खरं पद 'मदतनीस' होतं. कुणाला मदत करायची ते आदेशात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कुणालाच करत नसत. पण मोजत मात्र सगळं. चहात साखर किती, असं टपरीवाल्यानं विचारलं की "कालच्यापरमानं नगं, काल तू साडेतीन चमचं घातलं हुतंस" असं उत्तर यायचं. ऊन फार आहे हो, असं कुणी नुसतं म्हणालं तरी ते कमरेचा थर्मामीटर सोडून उन्हात धरायचे आणि पाच मिनिटांनी निकाल द्यायचे, "कालच्यापेक्षा अर्ध्या डिग्रीनं कमी हाय. उगं बोंबलू नगं." थोरल्या लेकाच्या लग्नात आचाऱ्यानं विचारलं, "आबा, पंगतीला माणूस किती धरू?" आबा म्हणाले, "आल्यावर मोजून सांगतो." आचारी तसाच चुलीवरून उठून कळंबला दुसऱ्या लग्नाला निघून गेला. वऱ्हाडानं त्या दिवशी नुसते पेढे खाऊन अक्षता टाकल्या असं सांगतात. मी तिथं नव्हतो. पण पेढे किती होते तो आकडा आबांच्या वहीत आहे.

ती वही म्हणजे शाळेची दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याची; एक भरली की तशीच दुसरी. तिच्यामागं एक इतिहास आहे.

प्लांटवर एक सरकारी छापाची नोंदवही असते. आत आलेलं पाणी किती घाण, बाहेर गेलेलं किती स्वच्छ, हे तिच्यात रोज लिहायचं. माझ्या आधीचे केमिस्ट फार सुखी माणूस. ते पहिल्या तारखेला सकाळी बसत आणि महिन्याचे तीसही आकडे चहा निवायच्या आत लिहून काढत. त्या वहीत आमचं पाणी इतकं निर्मळ होतं की बाटलीत भरून विकावं. मध्ये एकदा मोटार जळाली आणि प्लांट महिनाभर बंद होता. वहीत त्या महिन्यातही पाणी तेवढंच निर्मळ. खरं तर त्यात काही खोटं नव्हतं. जे पाणी आलंच नाही, ते घाण कसं असणार?

आबा तेव्हा लॅबमध्ये बाटल्या धुवायला होते. एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी नोंदवही चाळली, मान डोलावली आणि सहज बाटल्या धुणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "काय बाबा, पाणी चांगलं निघतं ना?" आबांनी हात पुसले, घोंगड्यातून दोनशेपानी काढली आणि गेल्या दीड वर्षाचे आकडे वाचायला सुरुवात केली. रोजची तारीख, वेळ, पाण्याचा रंग, काचेच्या नळीत अर्ध्या तासात बसलेला गाळ. मोठे साहेब फेब्रुवारीपर्यंत ऐकत होते असं म्हणतात. त्याच आठवड्यात आबांची बदली झाली. लॅबमधून बाहेर, हवेच्या टाकीवर. अंतर पंचेचाळीस पावलं. आबांनी मोजलं होतं.

ती शिक्षा होती. आबांना ती बढती वाटली, कारण टाकीत मेंढरं होती.

आता हे नीट सांगायला हवं. सांडपाणी धुतो ते आम्ही नव्हे, टाकीतले जंतू. तपकिरी गाळाच्या कणाकणाला ते कोट्यवधी चिकटलेले असतात. खालून हवा सोडली की पाण्यातली घाण खातात, वाढतात, मग पुढच्या शांत टाकीत तळाला बसतात आणि पाणी वरून निवळ निघून जातं. बसलेला गाळ पंपानं उचलून परत हवेच्या टाकीत सोडायचा, की पुन्हा चरायला मोकळे. आबांच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं होती. पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणाच्या दिशेनं निघायचे. वडिलांनी मेंढरं विकून तीन एकर घेतले, ऊस लावला. आबांच्या वाट्याला कळप आलाच नाही. त्यामुळं पाण्यात न दिसणारी जनावरं आहेत, ती चरतात, दमतात, उपाशी राहतात, म्हातारी होतात, हे कुणीतरी त्यांना एकदा समजावल्यावर आणखी काही समजावावं लागलं नाही. शांत टाकीला ते वाडगं म्हणत, म्हणजे मेंढरं रात्री बसवायचं कुंपण. रविवारी कॉलनी उशिरा उठली की म्हणत, "मेंढरं उपाशी हायती, कॉलनी अजून न्हाली न्हाय." कुठल्याशा घरातून फिनेलचा डबा ओतला गेला की लोटाच्या वासावरून ओळखत आणि फाटकापर्यंत चालत जाऊन कॉलनीच्या दिशेनं पंधरा मिनिटं शिव्या देत. शिव्याही मोजूनच देत असावेत, कारण कधी जास्त झाल्या नाहीत.

एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचा थेंब दाखवला. सकाळी अकराला आबांनी डोळा लावला. घंटेसारखे देठावर डुलणारे जीव, इकडून तिकडं पळणारे केसाळ जीव, सगळी जत्रा भरलेली. मी जेवून आलो, तरी डोळा तिथंच.

"आबा, जेवता का?"

"थांब. ह्यो एक लंगडा हाय."

"लंगडा?"

"त्यो डाव्या अंगाचा. बाकीची पुढं जात्यात, ह्यो मागं ऱ्हातो." मग बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाले, "आमच्या आज्ज्याला शंभर मेंढरं हुती, तर गावात त्याला राव म्हणायचे. आन म्या हितं पगारावर कोट्यवधी राखतो, तर तुमचा सायब मला अरे म्हणतो."

असा माणूस. पण घरी गेला की त्याची जी शोभा व्हायची, तिला तोड नव्हती.

आबांची वस्ती प्लांटपासून हाकेच्या अंतरावर. चाळीसेक घरं, आणि सगळ्यांचं सांडपाणी उघड्या गटारातून वाहत, अंगणवाडीच्या पायरीला घासून, शेवटी आबांच्याच दारापुढं तुंबायचं. आबांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी रोज लुगडं गुडघ्यापर्यंत धरून ते गटार ओलांडत आणि ओलांडताना रोज नवऱ्याला ऐकवत.

"कालनीचं पाणी धुवून गंगा करतोय, आन सवताच्या दारात ही गंगा! बघा की जरा, मोजा की! किती वीत हाय?"

आबांनी एकदा खरंच मोजलं. काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. (हे आबा सुखाचे दिवस म्हणून सांगत.)

ते गटार प्लांटला जोडावं म्हणून वस्तीनं अर्जावर अर्ज केले होते. आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं, "प्लांट भरलाय." साहेब वाईट नव्हते, फक्त आळशी होते. वस्तीचं पाणी घेतलं की वस्तीच्या तक्रारीही घ्याव्या लागतील, एवढं त्यांना कळत होतं. शेवटी सरपंचांनी वरपर्यंत जाऊन आवाज केला, तेव्हा वरून आदेश आला की प्लांटमध्ये जागा आहे की नाही हे शास्त्रीय पद्धतीनं तपासावं. आणि पुण्याहून मॅडम आल्या.

मॅडम पस्तिशीच्या. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पायात रबरी बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना टाकीपाशी उभं करून सांगितलं, "मी तुमच्या प्लांटचं मॉडेल बनवणार आहे. म्हणजे संगणकात ह्याच टाक्या, हेच पाणी, हेच जंतू. आधी इथं जे घडतं तेच तिथं घडतंय का ते जुळवून घ्यायचं. जुळलं, की संगणकातल्या प्लांटला वस्तीचं पाणी पाजून बघायचं. तो टिकला तर हाही टिकेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. आबा म्हणाले, "म्हंजी ह्येचा जुळा भाऊ."

"अगदी बरोबर, आबा!"

"पर त्येला वास न्हाय."

"नाही."

"मग त्यो कवा खोटं बोलतोय, ह्ये कळणार कसं?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आकड्यांवरून. म्हणून मला चौदा दिवस, दर दोन तासांनी, खरे आकडे हवेत. जुन्या वहीतले नकोत. ती वही मी पाहिली. इतकं स्वच्छ पाणी मी हिमालयातही बघितलेलं नाही."

साहेब आभाळाकडं बघायला लागले. आबांनी सावकाश घोंगड्यात हात घातला, दोनशेपानी काढून मॅडमच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच, माझ्या देखत, हेल्मेट काढून घाम पुसला. सोळा वर्षं ज्या वहीपायी लोकांनी खुळा म्हटलं, ती वही एक शिकलेली बाई उभ्याउभ्या वाचत होती आणि मध्ये मध्ये "वा" म्हणत होती.

ते चौदा दिवस म्हणजे लढाईच. आबांनी खाट प्लांटवर आणली. आत येणाऱ्या पाण्याची म्हणजे इनलेटची बाटली, टाकीची बाटली, बाहेर जाणाऱ्याची म्हणजे आउटलेटची बाटली. कुठली किती वाजता, कुणाच्या हातानं, सगळं त्यांच्या हुकमानं. बाटल्या थंड ठेवायला बर्फ लागायचा, तो मी रोज भिगवणहून आणायचो. कुठून, ते सांगायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमना नमुन्यांच्या खोक्यात चिलापीचा एक लखलखीत खवला सापडला. त्यांनी तो चिमट्यानं उचलून माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "मॅडम, बर्फ स्वच्छ आहे, मासे आधीच काढून घेतलेत." त्यानंतर दोन दिवस माझ्याकडं त्या ज्या नजरेनं बघत होत्या, त्या नजरेनं आमच्या बाजारात शिळी मासळी बघतात.

म्हणूनच, आकडे चुकायला लागले तेव्हा पहिला संशय माझ्या बर्फावर आला.

झालं असं, की टाकीतल्या पाण्यात प्राणवायू किती आहे ते दाखवणारा एक मीटर मॅडमनी बसवला होता. जंतू खाताना प्राणवायू वापरतात. जेवण जास्त तर मीटर खाली. दर तिसऱ्या दिवशी सकाळी हा मीटर धाडकन खाली यायचा आणि तीन-तीन तास वर यायचं नाव घ्यायचा नाही. इनलेटच्या बाटलीत मात्र घाण नेहमीइतकीच. मॅडमनी बर्फ तपासला, मीटर बदलला, माझी सगळी रसायनं पुन्हा बनवायला लावली. टाकी आपली तिसऱ्या दिवशी धापा टाकतेच आहे.

"बर्फ बाटलीच्या बाहेर आहे आणि गडबड टाकीच्या आत," शेवटी मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि मी निर्दोष सुटलो.

आबांना विचारलं, तर ते कठड्याला टेकून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "पोट भरलं की मेंढरू धापा टाकतंच. चांगलंच हाय की."

चौदा दिवस संपले. मॅडम लॅबमध्ये संगणकापुढं बसल्या. पडद्यावर दोन रेघा, एक आमच्या टाकीची, एक जुळ्या भावाची. दोन्ही काही केल्या एकमेकींवर बसेनात. मॅडमनी जंतूंची भूक वाढवली, वाढीचा वेग वाढवला, एकेक गुणांक धुणं पिळावं तसा पिळला. तेव्हा कुठं रेघा जवळ आल्या. पण अशा पिळलेल्या जुळ्याला वस्तीचं पाणी पाजलं, की तो गुदमरून मरायचा.

"ते पाच दिवस काढून टाकले तर?" मी विचारलं.

"कारण कळल्याशिवाय काढले तर ती चोरी झाली," मॅडम म्हणाल्या. "आणि मला कारण कळत नाही. जे दिसतंय त्यावरून हे जंतू खातात थोडं आणि दमतात फार. म्हणजे जागा नाही."

साहेबांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं भजी मागवली. दोन दिवसांनी प्लांटच्या शेडमध्ये वस्तीच्या लोकांना बोलावून निकाल वाचायचा ठरला.

त्या निकालाच्या आदल्या दुपारी काकी लॅबच्या दारात उभ्या. ह्याआधी त्या कधी प्लांटवर आल्या नव्हत्या.

"केमिस्टभाऊ, एक इचारू का? तुमी हितं च्या लई गोड करता व्हय?"

"का हो काकी?"

"कोऱ्हाळ्याच्या माझ्या भावाच्या गुऱ्हाळातनं सा ढेपा गूळ आला हुता. धा-धा किलोच्या. बेंदराच्या पुरणाला, वरीसभराला. आज माळ्यावर बघतीया तर एकच! म्या म्हनलं उंदीर. पर उंदीर ढेप घोंगड्यात गुंडाळून सायकलीवर नेतो व्हय?"

मी खुर्चीवरून उठलो तो थेट टाकीवर. आबा पंपाला ग्रीस लावत होते.

"आबा, टाकीत गूळ टाकलात?"

त्यांनी ग्रीसचा डबा खाली ठेवला. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"पावनं कळप बघाय येणार म्हणल्यावर कुणी उपाशी जनावरं दाखवतं व्हय रं? उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मी कालनी गावाला गेलीया. मेंढरं पार वाळली हुती. म्हनलं, अंगावर जरा मांस दिसू दे. मॅडमला वाटू दे, ह्या कळपाला वस्तीचं रान बी पुरणार न्हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"पावन्याला कुणी सांगतं का, तुमच्यासाठी खास चारलंय म्हणून?"

आता मला ते सांगणं भाग होतं. मी त्यांना कठड्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. की मॅडमच्या संगणकाला गूळ दिसत नाही. त्याला फक्त इनलेटचं पाणी दिसतं आणि टाकीच्या धापा दिसतात. त्याला वाटतंय, एवढ्याशा चाऱ्यावर कळप एवढा दमतो, तर ह्याच्या पोटात आणखी काही मावायचं नाही. वस्तीचं गटार आता जोडलं जाणार नाही, आणि ते तुमच्या पाच ढेपांपायी.

आबांनी ग्रीसचे हात किती वेळ पुसले ते मी मोजलं नाही. त्यांनीही नाही.

"इनलेटच्या बाटलीत म्या काय मिसळलं न्हाय," शेवटी म्हणाले. आवाज असा, की माझ्याशी नव्हे, स्वतःशीच भांडताहेत.

"माहीत आहे. मी मॅडमना हळूच कानात सांगतो. कुणाला कळायचं नाही. चौदा दिवस पुन्हा मोजू."

"मॅडम उद्या निकाल देऊन पुण्याला जाणार. पुन्ना कोन येतंय? आन सायब पुन्ना मोजू देईल व्हय?" त्यांनी दोनशेपानी मांडीवर घेतली आणि नुसतीच थोपटत राहिले. रिटायर व्हायला त्यांना चार महिने उरले होते. ज्या साहेबांच्या डोळ्यांत ते इतकी वर्षं सलत होते, त्या साहेबांना आयतं घबाड मिळणार होतं. त्याहून मोठं म्हणजे, तालुक्यात ज्याच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं, तोच माणूस टाकीत भेसळ करताना सापडणार होता. मी रात्रभर तळमळलो. सकाळी आलो तर आबांनी दाढी केलेली, टोपी इस्त्रीची.

शेड गच्च भरलं होतं. पुढं बायका, मागं गडी, मध्ये सरपंच. साहेबांनी घसा खाकरून कागद उचलला. "शास्त्रीय अभ्यासानुसार सदर प्लांटमध्ये अतिरिक्त सांडपाणी घेण्याची क्षमता नाही, सबब..."

"थांबा," आबा म्हणाले.

"आबा, प्रश्न शेवटी."

"प्रश्न न्हाय. उत्तर हाय." आबा पुढं आले आणि साहेबांकडं न बघता मॅडमपुढं उभे राहिले. "ताई, तुमचा जुळा खोटं बोलतोय, कारन म्या त्येला फशिवलंय. म्या आकडा एक बी खोटा लिवला न्हाय. पर पाणीच खोटं केलं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत गूळ टाकला. पाच ढेपा."

शेडमध्ये सुई पडली असती तर तिचं वजन आबांनी सांगितलं असतं. मग बायकांतून काकींचा आवाज आला, "माझ्या बेंदराचा गूळ गटारात घातलाऽऽऽ!" आणि सगळं शेड एकदम बोलायला लागलं. कुणी हसलं, कुणी "म्हातारा बिघडला" म्हणालं, एकजण तावातावानं ओरडला, "आमचं गटार बुडीवलंस की रं आबा!" साहेब तर उभ्या जागी दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. "म्हणजे अभ्यासात भेसळ! ऐकलंत ना मॅडम? कारवाई होणार!"

मॅडमनी फक्त हात वर केला. "आबा, किती गूळ, किती वाजता, आठवतं?"

आबांना जणू कुणी आईवरून शिवी दिली. "आठवायचं कशाला?" त्यांनी दोनशेपानी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. मागच्या पानावर, लाल शाईत, स्वतंत्र रकाना. तारीख, वेळ, वजन. सकाळी सहा पाच, नऊ किलो आठशे. सहा दहा, दहा किलो पन्नास. शेवटच्या ओळीपुढं शेरा: 'ढेपेचा एक कोपरा मुंगळ्यांनी खाल्लेला, वजा केला.'

मॅडमनी तिथंच, टेबलावरचा हार बाजूला सारून, संगणक उघडला. कॉलनीच्या पाण्याच्या शेजारी त्यांनी एक नवीन पाहुणा घातला, गूळ. वहीतल्या वेळेला, वहीतल्या वजनाचा. पिळलेले सगळे गुणांक मूळ जागी सोडले. मग चक्री फिरत राहिली आणि वस्ती श्वास धरून त्या चक्रीकडं बघत राहिली. पाचही ठिकाणी संगणकाची रेघ टाकीच्या रेघेबरोबर दरीत उतरली, तीन तास तिथं रेंगाळली आणि तिच्याबरोबरच वर आली. मी शपथेवर सांगतो, दोन रेघांमधून केस जायला जागा नव्हती. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "टाकीला ठरलेला चारा ठरल्या वेळी घालून ती कशी वागते ते बघायचं, ह्या प्रयोगाची परवानगी मागायला मला वर्ष लागलं असतं. तुम्ही न विचारता केलात, ते चूक. पण लिहून ठेवलंत." त्यांनी जुळ्या भावाला वस्तीचं पाणी पाजलं. तो जरा दमला, पण गुदमरला नाही. "जागा आहे," त्या म्हणाल्या. "एक हवेचा पंप वाढवा, आणि जोडा."

साहेबांनी हातातला कागद दोनदा घडी घातला आणि कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला.

दिवाळीच्या आधी पाइप पडला. काकी आता लुगडं न धरता अंगणात येतात. नवऱ्याला ऐकवायला गटार उरलं नाही, म्हणून गुळावरून ऐकवतात. आबांच्या मते आवाज पूर्वीपेक्षा वाढला आहे. पण साहेब गप्प बसणारे नव्हते. त्यांनी आबांना लेखी ठपका दिला: 'आपण विनापरवाना टाकीत अंदाजे पन्नास किलो गूळ टाकून गैरवर्तन केले आहे.' आबांनी वाचला आणि परत केला. सही करायला नकार.

"गैरवर्तन कबूल नाही का?" साहेब ओरडले.

"गैरवर्तन कबूल हाय. अंदाजे कबूल न्हाय. एकूनपन्नास किलो दोनशे गिराम लिवा."

साहेबांनी 'सुमारे एकोणपन्नास' लिहून दिलं. परत आलं. 'एकोणपन्नास किलो' लिहून दिलं. परत आलं. चौथ्या खेपेला ग्रॅमसकट टाइप झालं, तेव्हा आबांनी दोनदा वाचलं, वहीशी ताडून पाहिलं आणि झोकात सही ठोकली.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या शेजारी, काचेच्या चौकटीत तो ठपका लावलेला. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं झळकतंय.

"आबा, ठपका कुणी भिंतीवर लावतं का?"

"नीट वाच की," आबा म्हणाले. "आपल्या हापिसातनं भायेर पडलेला पयला खरा आकडा हाय त्यो."